आत येणारे बाण

एका लहानशा कंपनीत पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार होत असे. खाती, कर्ज, व्याज, पावत्या, अहवाल, अशी त्याची मॉड्यूल्स होती. माणसे कष्टाळू होती, तरी दर महिन्याला काहीतरी बिघडायचेच. एका शाखेची सेटिंग बदलली की भलत्याच शाखेत कर्जाच्या हप्त्याची तारीख सरकत असे. सगळ्यांचा राग अहवालाच्या मॉड्यूलवर होता. ते सर्वांत मोठे होते, आणि चूक तिथेच दिसायची.

नवा लागलेला मुलगा म्हणाला, "ताई, हे आपण पहिल्यापासून लिहू या."

ताई तिथल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. त्या म्हणाल्या, "लिहू की. आधी मोजू."

त्यांनी फळ्यावर प्रत्येक मॉड्यूलचा चौकोन काढला. जे दुसऱ्याकडून काम करून घेते, त्याच्यापासून त्या दुसऱ्याकडे बाण. मुलगा कोडमधली एकेक इम्पोर्टची ओळ वाचत गेला, ताई बाण काढत गेल्या. मग बाहेर जाणाऱ्या बाणांना त्यांनी एकूण बाणांनी भागले. रॉबर्ट मार्टिन यांनी १९९४ मध्ये मांडलेले हे अस्थिरतेचे माप. शून्य आले तर मॉड्यूल कुणावर विसंबलेले नाही. एक आले तर त्याच्यावर कुणी विसंबलेले नाही.

अहवालाकडे एकही बाण येत नव्हता, बाहेर १४ जात होते. उत्तर १.

"हे मोडलं तरी दुसरं काही पडायचं नाही," ताई म्हणाल्या.

कोपऱ्यात दिनांकाचे मॉड्यूल होते, जेमतेम साठ ओळींचे. आत येणारे बाण १९, बाहेर जाणारा एकच. उत्तर ०.०५. त्या एकुलत्या बाणावरून मुलाने बोट नेले. ते शाखेच्या सेटिंग्जवर येऊन थांबले. त्यांचे उत्तर होते ०.८.

मुलाने ती ओळ उघडली. एका गावात रविवारचा बाजार, म्हणून तिथली शाखा रविवारी उघडी आणि सोमवारी बंद असे. तेवढ्यासाठी कुणीतरी दिनांकाला सेटिंग्जमधून सुटी विचारायला लावले होते. सेटिंग्ज मात्र शेवटी जतन झालेल्या शाखेची सुटी सांगत, मग विचारणारी शाखा कोणतीही असो.

"लिहिणाऱ्याला कळलं कसं नाही?" मुलाने विचारले.

"त्याच्यासमोर त्या दिवशी तेवढी एकच शाखा होती."

आपण मोठ्या गोष्टीला भितो, आणि ज्याच्यावर सगळे उभे आहेत ते लहान म्हणून नजरेतून सुटते. अनेकांचा भार वाहणाऱ्याने रोज बदलणाऱ्यावर विसंबले, की ती चंचलता सगळ्यांपर्यंत पोचते. आकडा दोष देत नाही. कुठे पाहायचे ते दाखवतो.

ताईंनी ती ओळ काढायला सांगितली. दिनांकाने सुटी विचारायची नाही. काम सांगणाऱ्यानेच आपल्या शाखेच्या सुट्यांची यादी सोबत द्यायची. सुट्यांची गरज असलेली मॉड्यूल्स १९ पैकी पाचच निघाली. ती बदलून झाल्यावर मुलाने एक छोटी चाचणी जोडली: दिनांकाच्या मॉड्यूलमध्ये पुन्हा कुणी दुसरे मॉड्यूल इम्पोर्ट केले, तर बिल्ड तिथेच थांबेल.