रतामाच्या झुडपाखालीं बसलेला शिक्षक

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९, ओव्या १ ते १८



दिवाळीनंतरच्या एका रविवारीं उपासना आटोपल्यावर मंडळीतील एक तरुण शिक्षक मजपाशीं थांबला. सर्व लोक निघून गेल्यावर त्यानें खिशांतून घडी केलेला एक कागद काढून माझ्या हातीं दिला. तो त्याच्या राजीनाम्याचा अर्ज होता. सही व तारीख तेवढी घालावयाची राहिली होती. तो म्हणाला, "पाळकसाहेब, माझ्या वर्गांत बावीस मुलें होतीं. त्यांपैकीं तेरा आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलीं. हंगाम संपून तीं परत येतील तेव्हां शिकविलेलें बहुतेक विसरलेलीं असतील. सहा वर्षें मी हेंच पाहत आहें. मी चांगला शिक्षक असतों तर असें झालें असतें काय? पुण्यास चुलतभावाच्या दुकानीं हिशेब लिहिण्याचें काम मिळत आहे. देवानें मला शिक्षक होण्यास बोलाविलें, कीं दुसरें कांहीं मिळालें नाहीं म्हणून मी शिक्षक झालों, हेंच मला आतां कळेनासें झालें आहे."

मीं त्यास तत्काळ उत्तर दिलें नाहीं. हा प्रश्न मला परका नव्हता. पाळक होण्यापूर्वीं मीही तीन वर्षें एका खेड्यांत शिकविलें आहे, आणि माझ्या जागीं दुसरा कोणी असता तर ह्या मुलांचें अधिक बरें झालें असतें, असा विचार करीत कित्येक रात्री जागून काढिल्या आहेत. म्हणून आम्ही दोघे तेथेंच बसलों, व वर दिलेला शास्त्रपाठ सावकाश वाचला.

एलीया हा भित्रा मनुष्य नव्हता. कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशें संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला होता. परंतु ईजबेल राणीची धमकी येतांच तोच एलीया जीव घेऊन बैर-शेबापर्यंत पळाला. तेथें त्यानें आपल्या चाकरास ठेविलें, स्वतः एक दिवसाची वाट अरण्यांत चालून गेला, आणि विरळ सावलीच्या एका रतामाच्या झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. आपण आपल्या वाडवडिलांहून कांहीं अधिक चांगले नाहीं, असें त्यानें देवास सांगितलें. बंधूंनो, हाही एक राजीनाम्याचाच अर्ज नव्हे काय?

आतां देवानें त्या अर्जाचें काय केलें तें पाहा. तो एलीयावर रागावला नाहीं. तूं फार थोर आहेस, अशी त्याची स्तुतीही केली नाहीं. देवानें तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट ही कीं, देवानें त्यास भाकर, पाणी व झोंप दिली. देवदूतानें त्यास एकदां नव्हे, दोनदां उठवून खावयास घातलें. उपदेश मागाहून आला. थकलेल्या मनुष्यास आपली योग्यता कधींच नीट दिसत नाहीं. सायंकाळीं लहान दगडाचीही सावली लांब पडते. ह्यास्तव, शिक्षक बंधूंनो व भगिनींनो, कष्टाच्या दिवसाच्या शेवटीं आपल्या आयुष्याचा निवाडा करूं नका. आधीं जेवा, निजा. अर्ज सकाळीं वाचा.

दुसरी गोष्ट ही कीं, देवानें त्यास प्रश्न विचारला. चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून एलीया होरेब डोंगरावरील गुहेंत पोहोंचला, तेव्हां तूं येथें कशासाठीं आलास, असें देवानें त्यास विचारलें. आणि वारा, भूकंप व अग्नि होऊन गेल्यावर मंद वाणीनें तेंच पुन्हां विचारलें. हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा. मी पळत आहें, कीं मला कोणी पाठवीत आहे? स्थान बदलणें हें पाप नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे तरुणपणीं शिक्षकाचें काम करीत अनेक गांवीं फिरले. कोठेंही त्यांचें मन स्थिरावेना. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला व पुढें ते मिशनच्या सेवेंत राहिले. तीही पगारी सेवा त्यांनीं १९१७ सालीं सोडली, कारण ख्रिस्ताचें काम अधिक मोकळेपणानें करण्यासाठीं आपणांस बोलावणें आलें आहे, अशी त्यांची खातरी झाली होती. सोडणें दोन्ही प्रकारचें असतें. बाहेरून पाहणारास तें सारखेंच दिसतें. फरक जाणाऱ्याच्या अंतःकरणांत असतो, आणि तो त्यानें प्रार्थनेंत देवापुढें उघड करावा.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. देवानें एलीयास परत पाठविलें व तीन कामें सांगितलीं : हजाएलास अरामाचा राजा म्हणून अभिषेक करणें, येहूस इस्राएलाचा राजा म्हणून अभिषेक करणें, आणि शाफाटाचा पुत्र अलीशा ह्यास आपल्या जागीं संदेष्टा करणें. पुढील अध्याय वाचून पाहा. ह्यांपैकीं एलीयानें आपल्या हातानें केलेलें असें एकच काम तेथें लिहिलें आहे. बारा जोड्या बैलांचा नांगर चालला असतां त्यानें अलीशावर आपला झगा टाकला, एवढेंच. हजाएलास तो राजा होणार हें अलीशानें सांगितलें (२ राजे, अध्याय ८). येहूस तर अलीशानें पाठविलेल्या एका तरुण शिष्यानें अभिषेक केला (अध्याय ९). तोंपर्यंत एलीया पृथ्वीवर राहिला नव्हता. तथापि शास्त्रांत कोठेंही असें म्हटलें नाहीं कीं एलीयाचें काम अपुरें राहिलें. गुरूचें काम शिष्यानें केलें, आणि शिष्याच्या शिष्यानें केलें. देवाच्या वहींत तें पूर्णच मांडलें गेलें.

तरुण शिक्षकाची चूक येथेंच होती. जें फळ शिष्याच्या हातून यावयाचें, तें तो आपल्या हातांत शोधीत होता. पेरणारास आपल्या शेतांतील पीक दिसतें, परंतु शिक्षकाचें शेत चालत दुसऱ्या गांवीं जातें. शिवाय, एलीयास वाटलें कीं आपण एकटेच उरलों. पण त्यास ठाऊक नसलेले सात हजार देवास ठाऊक होते.

आतां एक शब्द मंडळीस. एलीयास भाकर पोहोंचविण्यास देवानें दूत पाठविला. आपल्या गांवच्या शिक्षकाकडे तो कोणास पाठवील? शिक्षकाची चूक चावडीवर बोलणारे पुष्कळ असतात. त्याच्या दारीं जाऊन, मास्तर, जेवलां काय, असें विचारणारे थोडे. ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांनो, आजीआजोबांजवळ अथवा हंगामी वसतिगृहांत मूल ठेवितां येत असेल तर ठेवा. सहा महिने शाळा बुडाली तर त्याचा भार तुमच्या लेंकरावर पडतो, आणि शिक्षकाच्या मनावरही पडतो.

त्या तरुणास मीं कागद फाडावयास सांगितलें नाहीं. तो त्याचा व देवाचा व्यवहार आहे. मीं इतकेंच म्हटलें, "उरलेल्या नऊ मुलांपैकीं तुझा अलीशा कोणता, हें आधीं पाहून ये. नंतरही पुण्यास जावेंसें वाटलें तर आशीर्वाद घेऊन उजळ माथ्यानें जा, आणि तुझा झगा कोणावर तरी टाकून जा." त्यानें कागद पुन्हां घडी करून खिशांत घातला. सोमवारीं सकाळीं मी त्या वाटेनें गेलों तेव्हां शाळा उघडी होती, व नऊ मुलांच्या पाढ्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

प्रार्थना : हे प्रभो, जे आज झुडपाखालीं बसले आहेत त्यांस तूं स्पर्श करून उठव. त्यांस भाकर दे, विसांवा दे, खरा प्रश्न ऐकण्यास धैर्य दे. आणि ज्याच्यासाठीं परत जावें असें एक लेंकरूं त्यांस दाखीव. आमेन.