याला माझ्याशिवाय कोणी नाही



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पाचवा स्कंध, आठवा अध्याय. भरत राजा आणि हरिणाचं पाडस.

गोष्ट आपल्याला माहीत असते. ऋषभदेवांचा मुलगा भरत राज्य सोडून पुलहाश्रमात राहायला जातो. नदीवर पाणी पिणारी गाभण हरिणी सिंहाच्या गर्जनेने घाबरून उडी मारते, पाडस पाण्यात पडतं, हरिणी मरते. भरत त्याला आश्रमात आणतो. हळूहळू पूजा, नियम, सगळं सुटतं. शेवटच्या क्षणी मनात हरीणच, म्हणून पुढचा जन्म हरिणाचा.

यावरून आपण एकच शिकतो : मायेत अडकू नका. मलाही तेच पटायचं. पण मागच्या आठवड्यापासून घरात मांजराचं पिल्लू आहे, आणि आज हा अध्याय वेगळाच वाचला गेला.

पार्किंगमध्ये, भिंतीला टेकवलेल्या पत्र्यामागे ते दिसलं. मुठीएवढं, जेमतेम तीन आठवड्यांचं. आभाळ भरून आलं होतं. मी इकडेतिकडे बघितलं, मांजरी दिसली नाही, उचलून आणलं. संध्याकाळीच व्हेटकडे नेलं. त्या म्हणाल्या, गाईचं दूध नको, जुलाब होतील. पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती दर तीन-चार तासांनी द्या. पालथं धरूनच पाजा, उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. पाजून झालं की ओल्या कापसाने खालून पुसा; एरवी आई चाटते, तेव्हा पिल्लाला शी-शू होते.

मग त्यांनी सहज विचारलं, "उचललंत तेव्हा अंग कोरडं होतं? पोट भरलेलं?"

होतं.

"मग आई जवळपासच असणार. खाणं शोधायला जाते, नाहीतर पिल्लं एकेक करून दुसरीकडे हलवत असते. काही तास लांबून बघायचं असतं."

त्या रात्री खाली एक मांजरी ओरडत होती. थांबून थांबून. आई म्हणाली, "अरे, ही त्याचीच आई नसेल ना?" मी म्हटलं, "कुठलीही असेल गं," आणि पाऊस आत येतोय म्हणून खिडकी लावली. पाऊस तेव्हा थांबलेला होता. दुसऱ्या रात्रीही ती ओरडली. दुसऱ्या रात्रीही मी खिडकी लावली.

भरताच्या मनात येतं, याला माझ्याशिवाय कोणी नाही, मीच याचा आईबाप. त्याच्या बाबतीत ते खरं होतं, हरिणी मेली होती. पाडस उचलण्यात मला त्याची चूक दिसत नाही. त्याला वाहून जाऊ देऊन केलेल्या जपाला काय अर्थ राहिला असता? माझ्याही मनात हेच होतं. फक्त ते खरं नव्हतं, आणि खोटं ठरू नये म्हणून मी खिडकी लावत होतो.

मला वाटतं, मोह इथे ओळखता येतो. दयेत समोरच्याची गरज ऐकू येते. मोहात त्याला आपली गरज असणं, हीच आपली गरज होऊन बसते.

तिसऱ्या संध्याकाळी राहवलं नाही. खोक्यात गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली, पिल्लू त्याच पत्र्यापाशी नेलं आणि लांब जिन्यात दोन तास बसलो. ती आली नाही. नंतरही आली नाही.

आता पिल्लाला खरंच माझ्याशिवाय कोणी नाही. ते वाक्य मीच खरं करून ठेवलं.

त्यामुळे रात्री तीनला उठून पाजतो त्याला मी सेवा म्हणत नाही. ते देणं आहे, फेडतोय. बाटली धरलेली असताना नाम घेता येतं, तेवढं सुटू नये ही प्रार्थना. आणि जाळीची खिडकी आता रात्रभर उघडी असते.

आज एवढंच स्वतःला विचारून बघा : ज्याला माझ्याशिवाय कोणी नाही असं मी म्हणतो, त्याला खालून कोणी हाका तर मारत नाहीये ना?

राम कृष्ण हरी 🙏