नेमांची दाटी

परमार्थात काहीच न करणारा मनुष्य मागे राहतो, हे कोणालाही कळते. परंतु पुष्कळ करणाराही मागेच राहतो, आणि बहुधा त्याला ते उमगत नाही, असे आम्ही म्हटले तर काही वाचकांस नवल वाटेल. गावोगावच्या सप्ताहांत उभे राहून आता आमची वर्षे झाली; त्या अनुभवाने आम्ही हे म्हणतो. आळशी मनुष्याला निदान आपण आळशी आहोत ही टोचणी असते. दहा नेम करणाऱ्याला तीही नसते. तो दमलेला असतो, आणि दमलो म्हणजे पोहोचलो, असा त्याचा समज झालेला असतो.

आपल्यातलाच एखादा प्रपंची वारकरी डोळ्यांपुढे आणावा. गळ्यात तुळशीची माळ आहे, पंधरवड्याची एकादशी आहे, संध्याकाळी हरिपाठ आहे. येथवर उत्तम. पुढे घरात काही अडचण आली म्हणून सोळा सोमवार धरले. शेजाऱ्याने सांगितले म्हणून गुरुवारी गुरुचरित्राचा अध्याय सुरू झाला. शनिवारी मारुतीला तेल. तालुक्याला प्राणायामाचा वर्ग निघाला, तिकडे नाव घातले. मृदंग शिकायला घेतला. हात बसेना, म्हणून पेटी घेतली. मोबाइलवर आठ-दहा गटांतून रोज पहाटे अभंग येतात, ते वाचून पुढे पाठवायचे. रात्री निजताना एका महाराजांचे कीर्तन पाच मिनिटे, दुसऱ्यांचे तीन मिनिटे. आणि मग हा भला माणूस आमच्याकडे येऊन विचारतो, "महाराज, एवढं करतोय, पण मन काही लागत नाही हो. आणखी काय करू?"

यातला एकही नेम वाईट नाही. कोणत्याही दैवताला उणा शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि तशी इच्छाही नाही. दुखणे आहे ते त्या "आणखी" या शब्दात.

शास्त्रकारांना हे दुखणे ठाऊक होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी निश्चयाची बुद्धी आणि फाटे फुटलेली बुद्धी यांचा भेद अर्जुनाला सांगितला, तो आपल्या सर्वांच्या ऐकण्यातला आहे. पतंजलींनी मात्र त्याची चिकित्सा वैद्यासारखी केली आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त विखुरणारे नऊ अंतराय त्यांनी मोजले. व्याधी, संशय, आळस ही त्यांतली नावे घरोघरची आहेत. शेवटची दोन तेवढी ओळखीची नसतात: अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. पहिल्याचा अर्थ असा की, साधन चालू आहे पण पायाखाली जमीन लागत नाही. दुसऱ्याचा अर्थ, जमीन लागली पण तीवर पाय ठरत नाही. या नऊंच्या नऊंवर औषध एकच दिले आहे, एकतत्त्वाभ्यास. ते एक तत्त्व कोणते, यावर टीकाकारांनी वाद केला आहे. वाचस्पतिमिश्र म्हणतात, तो ईश्वर. भोजराजाची वृत्ती म्हणते, तुम्हांला इष्ट असेल ते कोणतेही घ्या. ते एकच असावे, याबद्दल मात्र दोघांत वाद नाही. आम्हांला यात मौज अशी वाटते की, रोग नऊ असूनही औषधे नऊ सांगितली नाहीत. आपण असतो तर सांगितली असती!

आता जमीन का लागत नाही? आपल्याकडे देशावर विहीर खणणाऱ्याला विचारावे. आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. मातीत असताना जागा सोडून गेलेला मनुष्य आम्ही पाहिला नाही. पाषाण लागला, पहार टणटण वाजू लागली, सुरुंगाचा खर्च दिसू लागला, की मग मनात येते, "ही जागाच बरी नव्हे, पलीकडे बघू." पलीकडे पहिल्याच दिवशी हातभर खोल जाते, आणि वाटते, येथे खरे पाणी आहे. अहो, ती माती आहे! ती सगळीकडे मऊच असते. नव्या नेमाचा उत्साह म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो तो पुष्कळदा हा मातीचा मऊपणा असतो. सोमवारचा उपवास जड झाला तेव्हाच गुरुवारचा अध्याय गोड वाटू लागला, आणि मृदंगावर बोटे दुखू लागली त्याच आठवड्यात पेटी आवडली, हे योगायोगाने होत नाही.

पाठशाळेत आम्हांला अमरकोश पाठ करायला बसवले, तेव्हा तो पुरा होईपर्यंत काव्याचे पुस्तक हातात मिळत नसे. रूपावली, समासचक्र, अमरकोश, मग रघुवंश, मग लघुकौमुदी. मुलाला कौमुदीची उत्सुकता असली तरी गुरुजी म्हणत, "ती कुठे पळून जात नाही." आज लोक या पद्धतीला घोकंपट्टी म्हणतात. म्हणोत. परंतु एक गोष्ट हाती धरून तिचा कंटाळा येऊ द्यायचा, आणि तो कंटाळा उलटून पलीकडे जायचे, हे शिक्षण त्यात आपोआप होई. कंटाळ्याच्या पलीकडे काय असते हे ज्याने एकदाही पाहिले नाही, त्याला कंटाळा म्हणजे शेवट वाटतो.

आणि आपल्या संप्रदायाने तर हे शिक्षण कीर्तनाच्या रचनेतच घालून ठेवले आहे, तिकडे श्रोत्यांचे लक्ष फारसे जात नाही. दोन तासांच्या सेवेला अभंग एक. रामकृष्णहरीचा गजर झाला, रूपाचा अभंग झाला, की सेवेचा अभंग लागतो आणि पुढे सर्व चिंतन त्या एकाचे. ज्ञानेश्वरीतली ओवी यावी, गाथ्यातले प्रमाण यावे, भागवतातली कथा यावी, दृष्टांत यावेत. पण ज्याने त्याने येऊन त्याच अभंगाच्या पायाशी बसायचे. बुवा बोलता बोलता लांब गेला की मागचा जाणता टाळकरी हळूच ध्रुपद उचलतो. मृदंग बोलू लागतो, आणि बुवाला परत यावेच लागते. जुने टाळकरी यात फार तयार असत. ध्रुपद केव्हा उचलावे हे त्यांना बुवापेक्षा अधिक कळे. हल्ली काही ठिकाणी आम्ही पाहतो, अभंग नावाला लागतो आणि पुढे दीड तास विनोद, राजकारण, सासू-सुना, एका गोष्टीतून दुसरी. लोक हसतात, खूश असतात. मंडपाबाहेर आल्यावर एकाला विचारावे, "अभंग कोणता होता?" तर तो शेजाऱ्याकडे बघतो.

यावर कोणी म्हणेल, संतांनी काय एकच एक काम केले? एकनाथ महाराजांकडे पाहा. काशीत एकनाथी भागवत शके १४९५, म्हणजे सन १५७३ मध्ये पुरे केले. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. रुक्मिणीस्वयंवर आहे, भारुडे आहेत, भावार्थरामायण हाती घेतले ते युद्धकांडात राहिले आणि गावबांनी पुरे केले. शिवाय पैठणचा प्रपंच, दारात अतिथी. याला काय म्हणायचे?

आक्षेप चांगला आहे. ज्यांना वाटते की एकाग्रता म्हणजे कामे कमी करणे, त्यांनी तो अवश्य मनावर घ्यावा. कामांची संख्या ही खूण नव्हेच. आमच्या मते खूण दुसरी आहे: एकाच घटकेला दोन कामे दारात येऊन उभी राहिली, तर कोणी बाजूला सरायचे हे आधीपासून ठरलेले आहे का? नाथांच्या घरी ते ठरलेले होते. लेखन, संशोधन, अतिथी, ही सगळी एकाच धन्याची नोकर माणसे होती. आपल्या घरी तसे नसते. आपल्याकडे प्रत्येक नेम धनी होऊन बसलेला, आणि आपण दहा धन्यांचे एक गडी. एकादशी आणि लग्नाची पंगत एका दिवशी आली की आपण पंचांग उघडून बसतो. ते उघडावे लागले, तेथेच ओळखावे.

येथपर्यंत सांगणे सोपे आहे. मराठवाड्यातील एका गावी हा विषय चालला असता, सेवा झाल्यावर एका वयस्क माउलीने जो प्रश्न केला तो सोपा नव्हता. आम्ही कीर्तनात तेरच्या गोरोबाकाकांची तल्लीनता वर्णिली होती. माउली म्हणाली, "काका तल्लीन झाले, खरं आहे महाराज. पण पाण्याला कोण गेलं होतं? तीच ना? मुलाकडे बघा म्हणून सांगून गेली होती ती."

कथा सर्वांस माहीत आहे. माती तुडवता तुडवता काका नामात रंगले, रांगते मूल चिखलात आले आणि पायाखाली गेले. पुढे विठ्ठलाने मूल परत दिले, हात परत दिले. हे उत्तर आमच्या जिभेवर होते, आणि बहुतेक बुवा ते देतात. आम्ही दिले नाही. कारण मूल परत देणे हा विठ्ठलाच्या हातचा भाग आहे. तुमच्या-आमच्या एकाग्रतेखाली कोणी आले, तर त्याला परत आणणे आपल्या हातचे नाही. काकांची कथा विठ्ठलाचा प्रताप सांगते. पायाखाली पाहू नका, अशी आज्ञा ती करीत नाही. संप्रदायाने त्या पत्नीचा आक्रोश आणि संतापही झाकून ठेवला नाही, पिढ्यान्पिढ्या तो कीर्तनांतून सांगितला, याचाही विचार करावा. आम्ही त्या माउलीला एवढेच म्हणालो, "माउली, तुमचा प्रश्न त्या कथेतच आहे. आम्ही तो घाईने ओलांडतो."

हे सांगण्याचे कारण असे की, असे लोक आम्ही पाहतो. पंचक्रोशीतला एक सप्ताह चुकवत नाहीत, टाळ सुंदर वाजवतात, आणि घरी म्हशीची धार, म्हाताऱ्या आईचे औषध, पोरांची फी हे सगळे बायकोकडे. गावात त्यांना मोठा मान असतो, एकनिष्ठ म्हणून. आमच्या मते हा एकनिष्ठ नव्हे. याने आपले बाकीचे नेम सोडलेले नाहीत, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले आहेत.

आणि आपल्या संप्रदायाचा पाया तरी कोणाच्या एकाग्रतेवर आहे? पुंडलिकाच्या. तो कशात गढला होता? जपात नव्हे, तपात नव्हे. आईबापांचे पाय चेपण्यात. प्रत्यक्ष पांडुरंग दारात आला, तरी हातातले काम सुटले नाही. वीट भिरकावली आणि देवाला उभे राहायला सांगितले. दोन कामे एका घटकेला दारात आली होती, आणि बाजूला सरायचे कोणी, याचा पुंडलिकाला विचार करावा लागला नाही. बाजूला सरला तो देव. आणि तो रागावला नाही, कमरेवर हात ठेवून अजून तेथेच उभा आहे. देवाला थांबवण्याइतके मोठे काम पुंडलिकाला घरातच सापडले, हे नेमांची यादी वाढविणाऱ्यांनी पंढरीच्या महाद्वारात उभे राहून एकदा मनात आणावे.

आता धरलेल्या नेमांचे काय करावे? भीती असते की, सोडले तर दोष लागेल. याला शास्त्रात मार्ग आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे: उद्यापन. व्रत घेण्याचा विधी आहे तसा ते पुरे करून निरोप देण्याचाही विधी आहे. सोळा सोमवार झाले की सतराव्या सोमवारी सांगता करतात. म्हणजे व्रताला शेवट असावा हे धर्मालाच मान्य आहे. दोष आहे तो अर्धवट टाकून देण्यात, आज विसरले, उद्या लाज वाटली, परवा नवे धरले, अशा रीतीने नेम कुजू देण्यात. म्हणून जे चालू आहेत ते मोजावे. ज्यांची मुदत आहे ते मुदतीपर्यंत न्यावेत आणि यथाशक्ति उद्यापन करून मोकळे व्हावे. ज्यांना मुदत नाही, त्यांच्यापुढे नारळ ठेवून नमस्कार करावा आणि रजा घ्यावी. हेच शिकण्या-शिकवण्यालाही. पेटी ज्याची आणली त्याला परत करावी, गुरुजींना भेटून सांगावे की पुढे येणे होणार नाही. नुसते जाणे बंद करू नये. मोबाइलवरच्या गटांना नारळाची गरज नाही, तेथून तसेच निघावे.

एवढे झाल्यावर जे उरेल त्यातून एक धरायचे. कोणते, ते आम्ही सांगणार नाही. कोणाला हरिपाठ साधेल, कोणाला ज्ञानेश्वरीची रोज एक ओवी अर्थासह, कोणाला आजारी बापाची सेवा, आणि ती असेल तर बाकीचे बोलणेच नको. धरलेली जागा खरोखर कोरडी निघाली तर? असेही होते, नाही असे नाही. पण त्याचा निवाडा पाषाण लागल्या दिवशी करू नये. या आषाढीला धरले तर पुढच्या आषाढीपर्यंत बदलायचे नाही, आणि मधल्या काळात दुसरे कोणी कितीही गोड सांगितले तरी "आषाढीनंतर बघू" म्हणायचे. पुढच्या वारीत वाखरीला पालख्या एकत्र येतात, तेथे आम्ही दिंडीत असतो. काय झाले ते तेथे येऊन सांगावे.