ओळख वासाची

ओळख करून घ्यायची तर आपण समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, हसतो, हात पुढे करतो. शुगर ग्लायडरला यातलं काहीच कळत नाही. उलट वरून येणाऱ्या हाताची त्याला भीतीच वाटते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलांतला हा चिमुकला जीव, वजन जेमतेम १०० ते १५० ग्रॅम. दिसतो खारीसारखा, पण नात्याने कांगारूच्या जवळचा. पिल्लू आईच्या पोटाच्या पिशवीत वाढतं. दिवसा झाडाच्या ढोलीत सगळी टोळी एकमेकांना बिलगून झोपते आणि अंधार पडला की बाहेर पडते. टोळीतला प्रमुख नर आपल्या कपाळावरच्या ग्रंथीचा वास बाकीच्यांच्या अंगाला चोळतो. तो वास ज्याच्या अंगाला, तो घरचा. नसेल, तो परका.

असा प्राणी दत्तक येतो तेव्हा त्याचं काय होत असेल? आधीचं घर चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न आपला. त्याच्यापुरतं एवढंच घडलेलं असतं, की ओळखीचे सगळे वास अचानक नाहीसे झाले. त्यात आपण हौसेने पिंजरा घासूनपुसून लख्ख करतो, जुनी कापडं टाकून कोरी घालतो, आणि त्याच्याजवळ उरलेली शेवटची ओळखही पुसून टाकतो. त्याची झोपायची पिशवी सुरुवातीला न धुता तशीच राहू द्यावी. तिच्याशेजारी आपण अंगावर वापरलेल्या कापडाचा तुकडा ठेवावा. फक्त त्याचे दोरे निघणारे नसावेत, कारण त्यांत नखं अडकतात.

जवळ गेलं की तो कर्कश खरखरतो. एवढ्याशा देहातून एवढा मोठा आवाज! पुष्कळांना तो राग वाटतो, आणि प्राणी मुळातच वाईट स्वभावाचा आहे असं ते ठरवून टाकतात. पण ती भीती असते. अशा वेळी त्याला मुठीत पकडणं ही सगळ्यांत मोठी चूक. हात स्थिर ठेवावा, हलक्या आवाजात बोलत राहावं. दिवसा तो झोपलेला असताना पिशवी गळ्यात अडकवून घरातली कामं करावीत. झोपेत त्याला आपला वास, आपला आवाज सवयीचा होतो. रात्री बोटाला मधाचा थेंब लावून वाट पाहावी. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने.

या प्राण्याच्या मनगटापासून घोट्यापर्यंत कातडीचा पडदा असतो. रानात त्याच्या जोरावर तो ५० मीटरपर्यंत तरंगत जातो. ज्या रात्री पिंजऱ्याचं दार उघडं असताना, पळायला सगळी खोली मोकळी असताना तो आपण होऊन तुमच्या खांद्यावर झेप घेतो, त्या रात्री त्याने तुम्हाला स्वीकारलेलं असतं. त्याआधीचं सगळं म्हणजे केवळ त्याने सहन केलेलं असतं.

मात्र माणसाने कितीही जीव लावला तरी तो त्याची टोळी होऊ शकत नाही. एकटा ठेवलेला शुगर ग्लायडर खंगतो, कधी स्वतःचंच अंग कुरतडतो. म्हणून आणायचेच असतील तर दोन आणा. नीट सांभाळलं तर ते दहा-बारा वर्षं जगतात, आणि तेवढ्या वर्षांच्या रात्री त्यांना देण्याची तयारी नसेल तर कृपा करून आणूच नका.