वाढलेली वर्षे कोणाची?

वाढदिवसाच्या प्रार्थनेत आपण पहिली मागणी कोणती करतो? दीर्घायुष्याची. बाळाच्या बाप्तिस्म्याला, नवदांपत्याला आशीर्वाद देताना, दुखणाइताच्या बिछान्याजवळ बसून, आपल्या ओठी हेच मागणे असते. मागणे चांगलेच आहे. परंतु जे आपण गुडघे टेकून मागतो, त्यातील काही भाग आपल्या ताटात, पायांत आणि झोपेत आधीच ठेवलेला असेल तर? मग मागणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही? येत असेल तर ती किती, आणि कोणाकोणावर? या प्रश्नाचा विचार आपण येथे करू.

प्रथम जे पाहून-मोजून कळले आहे ते समजून घेऊ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरांवर लोमा लिंडा नावाचे लहानसे शहर आहे. तेथील वस्तीत सेवंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीचे लोक पुष्कळ आहेत. ही मंडळी आपल्याला अगदी परकी नाही. पुण्यातील स्पायसर कॉलेज त्यांचेच. ते शनिवार पाळतात, आपण रविवार पाळतो. शिक्षणातील काही मुद्द्यांवर आपले व त्यांचे एकमत नाही. तथापि शेजाऱ्याच्या अंगणातील विहीर गोड असेल, तर तिचे पाणी पिण्यास हरकत नसावी.

हे लोक तंबाखू व दारू यांना शिवत नाहीत. त्यांच्यातील बरेच जण मांस खात नाहीत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ते काम बाजूला ठेवतात. १९७४ साली लोमा लिंडा येथील विद्यापीठातील संशोधकांनी कॅलिफोर्नियातील सुमारे ३४ हजार अ‍ॅडव्हेंटिस्टांची पाहणी हाती घेतली आणि १९८८ पर्यंत त्यांचा मागोवा घेतला. तिचे निष्कर्ष मांडणारा एक लेख २००१ साली आला. त्यात असे दिसले की, त्याच राज्यातील इतर गोऱ्या रहिवाशांच्या तुलनेत या मंडळीतील पुरुषांचे आयुर्मान सुमारे ७ वर्षांनी आणि स्त्रियांचे सुमारे साडेचार वर्षांनी अधिक आहे. ज्या सवयींचा यात हात दिसला त्या अगदी साध्या आहेत: धूम्रपान न करणे, नियमित व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे, शाकाहार आणि दाणे-बदाम-अक्रोड यांसारखे पदार्थ वरचेवर खाणे. येथे दाणे म्हणजे आपले भुईमुगाचे दाणेही आलेच. या सवयी असणे व नसणे यांत मिळून १० वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे.

२००२ साली त्यांनी आणखी मोठी, सुमारे ९६ हजार लोकांची पाहणी सुरू केली. तिचे २०१३ साली आलेले निष्कर्ष सांगतात की, शाकाहारी लोकांत मृत्यूचे प्रमाण मांसाहारी लोकांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते. मांस न खाता मासळी मात्र खाणाऱ्यांतही हे प्रमाण कमीच आढळले. हे वाचून गोव्याकडील आपल्या वाचकांना बरे वाटेल.

दुसरीकडच्या पाहण्याही हेच बोट दाखवितात. इंग्लंडमध्ये डॉ. रिचर्ड डॉल व त्यांचे सहकारी यांनी १९५१ पासून तेथील डॉक्टरांच्याच सवयींची नोंद ठेवली. ५० वर्षांनी, २००४ साली, हिशोब मांडला तेव्हा सिगारेट ओढत राहणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी गेले होते. परंतु साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे ३ वर्षे परत मिळत होती, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला ६, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ९.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांची पाहणी डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देत जिना चढत-उतरत असे. दोघे एकाच खात्यातील नोकर, परंतु हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. पुढे १९५६ साली मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासून दाखविले की, ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर तरुण वयातही कंडक्टरांपेक्षा अधिक होता. म्हणजे सगळा फरक जिन्यानेच पाडला असे म्हणता येत नव्हते. खऱ्या अभ्यासकाचे लक्षण हे असे असते. आपल्या आवडत्या उत्तरालाही तो उलट प्रश्न विचारतो. अ‍ॅडव्हेंटिस्टांच्या बाबतीतही आहार किती, व्यायाम किती, विसावा किती आणि मंडळीची सोबत किती, याची काटेकोर वाटणी करणे अवघडच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे सारे ऐकून आपल्यातील काही जण म्हणतात, “आयुष्याची दोरी देवाच्या हाती. ज्याची घटका भरली तो जाणार, मग तो तंबाखू खावो की न खावो.” या बोलण्यात विश्वासाचा सूर आहे, म्हणून त्याला हसून चालणार नाही. परंतु हिज्कीया राजाची कथा आठवावी. तो मरणाच्या पंथाला लागला होता. त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने यशया संदेष्ट्याच्या मुखाने त्याला आणखी १५ वर्षांचे वचन दिले. वचन मिळाल्यावर यशयाने काय केले? गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितले! वचन होते, तरी लेपही होता. पाऊस देवाचा म्हणून शेतकरी बांध घालण्याचे सोडत नाही. देह जर आपल्या मालकीचा नसून आपल्या हाती सोपविलेला आहे, तर कारभाऱ्याने त्याचा हिशोब ठेवलाच पाहिजे. दातांना मिश्री लावणारी आजी आणि कंपनीच्या फाटकाबाहेर गुटख्याची पुडी फोडणारा तिचा नातू या दोघांनीही दोरी देवाच्या हाती आहे असे म्हणावे, परंतु आपण ती रोज थोडी थोडी कातरतो आहोत हेही ध्यानात घ्यावे.

इथपर्यंत बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. खरी अडचण पुढे आहे.

सवयींनी आयुष्य वाढते हे एकदा पटले की मनुष्याच्या मनात एक हिशोबनीस येऊन बसतो. दफनविधीहून परतताना तो हळूच विचारतो, “वय काय होते? बावन्न? मग काहीतरी असणार. पीत असेल. खाण्याकडे लक्ष नसेल.” तरुण भगिनीला कर्करोग झाला तर तिच्या ताटात काय होते याची चौकशी होते. आणि स्वतःकडे पाहून तोच हिशोबनीस म्हणतो, “मी पहाटे उठून चालतो, मी गोड खात नाही, म्हणून मी सत्तराव्या वर्षीही ठणठणीत आहे.” ईयोबाच्या मित्रांनीही हाच हिशोब मांडला होता. ते सात दिवस गप्प बसले होते तोवर चांगले सांत्वनकर्ते होते. तोंड उघडले आणि चुकले, कारण दुःख दिसले की दोष असलाच पाहिजे असे त्यांनी गृहीत धरले.

आकडे स्वतः असे काही सांगत नाहीत. सात वर्षे, दहा वर्षे ही सरासरी आहे. ती हजारो माणसांची मिळून निघते. त्या ३४ हजारांतही चाळिशीत गेलेले होते. त्यांनीही शाकाहार केला होता, त्यांनीही धूम्रपान केले नव्हते. उलट आयुष्यभर विडी ओढून नव्वदी गाठणारे आजोबा प्रत्येक गावात एखादे तरी सापडतातच. सरासरी समूहाला मार्ग दाखविते. एका माणसाला ती वचन देत नाही आणि एका माणसाचा न्यायही करू शकत नाही. यास्तव आमचे म्हणणे असे की, चांगली सवय हे कारभारीपण आहे, पुण्य नव्हे. ती आपण स्वतःला सांगावी आणि वेळेवर दुसऱ्यालाही सांगावी. परंतु दुखणाइताच्या घरी जाताना तो हिशोब दाराबाहेर ठेवून जावे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सवयी एकट्याच्या नसतात. १९६५ साली कॅलिफोर्नियातीलच अ‍ॅलमीडा परगण्यात सुमारे ७ हजार प्रौढांना त्यांच्या राहणीविषयी प्रश्न विचारले गेले. डॉ. लेस्टर ब्रेस्लो व त्यांच्या सहकारी नेड्रा बेलॉक यांनी १९७२ साली त्यातून सात सवयी पुढे ठेवल्या: सात-आठ तास झोप, न्याहारी, मधल्या वेळी खात न बसणे, वजन बेताचे, व्यायाम, धूम्रपान नाही आणि मद्य नाही अथवा बेताचे. पंचेचाळीस वर्षांच्या ज्या पुरुषांत यांपैकी सहा-सात सवयी होत्या, त्यांचे पुढील आयुर्मान तीन वा त्याहून कमी सवयी असणाऱ्यांपेक्षा ११ वर्षांनी अधिक निघाले. न्याहारी व मधले खाणे यांचे महत्त्व नंतरच्या तपासणीत तितकेसे टिकले नाही. मद्याविषयी तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले की त्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. बाकीच्या सवयी टिकल्या.

आता ही यादी आपल्या घरातील बाईसमोर ठेवून पाहा. सर्वांच्या आधी ती उठते, सर्वांच्या नंतर निजते. सर्वांची ताटे झाल्यावर उरलेल्या भाकरीवर आणि तळाच्या कालवणावर तिचे जेवण होते. सात तास झोप ही तिची सवय नाही याला ती जबाबदार, की घरातले आपण सर्व? रात्रपाळीच्या कामगाराने कधी झोपावे? दिवसभर विटा वाहणाऱ्या मजुराला व्यायाम सांगणारे आपण कोण? त्याला हवा आहे तो विसावा आणि पोटभर, बऱ्यापैकी अन्न. सवयींची यादी सर्वांना एकच, परंतु ती पाळण्याची मोकळीक सर्वांना सारखी नाही. लोमा लिंडाच्या लोकांना ती पाळणे सोपे गेले, कारण शेजारी, सोयरे आणि उपासनेला येणारे असे सारेच तसे वागत होते. विसाव्याचा दिवस एकट्याने पाळणे कठीण, पण सगळ्या मंडळीने काम थांबविले म्हणजे प्रत्येकाचेच थांबते.

त्याच अ‍ॅलमीडाच्या पाहणीतून १९७९ साली डॉ. लिसा बर्कमन व डॉ. लिओनार्ड साइम यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. ज्यांचे माणसांशी संबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यात ९ वर्षांच्या काळात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असणाऱ्यांपेक्षा पुरुषांत २.३ पट व स्त्रियांत २.८ पट आढळले. चार प्रकारचे संबंध मोजले होते: विवाह, नातलग व मित्र, इतर संघ-संस्था आणि मंडळीचे सभासदत्व. म्हणजे रविवारी ज्या बाकावर कोणी म्हातारे गृहस्थ एकटे येऊन बसतात, त्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसणे हेही आयुष्य वाढविणाऱ्या कृत्यांत मोजण्यासारखे आहे. ते कृत्य त्यांना स्वतःला करता येत नाही. ते आपणच करायचे.

तेव्हा मंडळीने काय करावे? मोठा खर्च नको. उपासनेनंतरच्या चहाबरोबर तळलेल्या पदार्थांऐवजी कधी भाजलेले दाणे, कधी केळी ठेवता येतील. मंडळीच्या आवारात तंबाखू थुंकली जाणार नाही, असा नियम वडीलमंडळी करू शकतात आणि आधी स्वतः पाळू शकतात. तरुणसंघाने आठवड्यातून एकदा वृद्धांना बरोबर घेऊन पायी फिरून यावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विशेष विनंती आहे. मुलांना “तंबाखू खाणे पाप आहे” एवढेच सांगून थांबू नये, कारण ज्याचे वडील ती खातात ते मूल मान खाली घालते. त्याला असे सांगावे की, सोडणाऱ्याला वर्षे परत मिळतात, साठाव्या वर्षीसुद्धा. आणि पुढच्या रविवारी मुलांना विचारावे, “आठवड्यात किती वेळा आई तुमच्याबरोबर जेवायला बसली?” या एका प्रश्नाने पुष्कळ घरांत काही हालचाल होईल.

शेवटी पुन्हा हिज्कीयाकडे येऊ. मिळालेल्या १५ वर्षांत त्याने काय केले? बाबेलचे वकील भेटीला आले तेव्हा त्याने त्यांना आपले सगळे भांडार फिरवून दाखविले. पुढे बाबेल हे सर्व लुटून नेईल असे यशयाने बजावले, तेव्हा आपल्या हयातीत तरी शांती राहील यातच त्याने समाधान मानले. त्याच वर्षांत जन्मलेला मनश्शे पुढे यहूदाच्या दुष्ट राजांत गणला गेला. वर्षे वाढली होती, दृष्टी मात्र स्वतःच्या हयातीपलीकडे गेली नव्हती. मथुशलह ९६९ वर्षे जगला, पण इतक्या वर्षांत त्याने कोणासाठी काय केले याची एक ओळही शास्त्राने लिहून ठेवलेली नाही.

दीर्घायुष्य मागावे, त्यासाठी ताट, पाय आणि झोप नीट सांभाळावी. हे करताना घरातील व मंडळीतील ज्याला ही मोकळीक नाही त्याच्यासाठी ती करून द्यावी. वाढलेली वर्षे एकट्याने मोजण्यासाठी नसतात. ज्यांच्यामुळे ती वाढली आणि ज्यांना आपली गरज आहे, अशा सर्वांचा त्यांवर वाटा असतो. येत्या रविवारी घरची आई सर्वांबरोबर पानावर बसेल एवढे जरी आपण केले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.