सुटलेला हात

काही बिघडले की बिघाड शोधण्याआधी आपण अपराधी शोधतो. हा मनुष्यस्वभाव आहे. निदान माझा तरी आहे.

माझ्या मुलाच्या मोटारसायकलचा क्लच घसरू लागला. सकाळी थंड असताना गाडी कशी अगदी गुणी! पण पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आम्ही खंबाटकीचा घाट चढू लागलो, की इंजिन नुसते ओरडे. वेग मात्र वाढेना. अर्धा तास झाडाखाली थांबावे, की स्वारी पुन्हा शहाणी! मी निकाल देऊन टाकला, "तू अर्धा क्लच दाबून चालवतोस. प्लेटा जाळल्यास." मुलगा काही बोलला नाही. हल्ली तो माझ्यापुढे फारसे बोलतच नाही.

माझ्या आग्रहाखातर मिस्त्रींनी प्लेटा काढून पाहिल्या. त्या उत्तम होत्या. स्प्रिंगाही धड होत्या. मग त्यांनी गाडी चांगली तापवून आणली आणि क्लच घसरू लागताच खालच्या सिलिंडरचा हवा काढायचा स्क्रू किंचित सैल केला. कोंडलेले तेल चिळकन उडाले, आणि क्लचने पकड घेतली!

या क्लचला तार नसते. मुठीपाशी दांडी दाबली की दट्ट्या तेल रेटतो आणि प्लेटा सुटतात. दांडी सोडली की त्या पुन्हा घट्ट बसतात. वरच्या सिलिंडरात सुईच्या टोकाएवढे एक भोक असते. तापून फुगलेले तेल त्यातून डबीत परतते. पण दट्ट्या पुरता मागे आला तरच ते उघडे राहते. गेल्या दिवाळीत मीच मुलाला एक देखणी नवी दांडी हौसेने आणून दिली होती. तिचे टोक केसभर लांब होते. हात सुटला, तरी दट्ट्या रेटलेलाच राही!

मी खजील झालो. पण केवळ दांडीमुळे नव्हे. दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती देऊन मला दोन वर्षे झाली. "मी आता कशात नसतो," असे मी चारचौघांत अभिमानाने सांगतो. आणि रात्री जेवताना सहज विचारतो, "आज गल्ला किती?" हात काढून घेणे आणि सोडणे या दोन गोष्टी एकच आहेत काय?

मग वडीलधाऱ्यांनी तोंडाला कुलूपच लावायचे? तसे नव्हे. गिअर बदलताना दाब हवाच. प्रश्न एवढाच, की काम झाल्यावर दट्ट्या पुरता मागे येतो की नाही. त्यागाच्या मोठमोठ्या गोष्टी आपण ऐकतो. कसोटी मात्र केसभराचीच असते.

मिस्त्रींनी जुनी दांडी बसवली आणि बोटाने हलवून दाखवली. "एवढी मोकळीक हवी," ते म्हणाले.

घरी येताना मी मुलाला म्हटले, "प्लेटा तू जाळल्या नव्हत्यास." तो हसला आणि घरापर्यंत दुकानाच्या गोष्टी सांगत राहिला, मी विचारल्यावाचून.

काल जेवताना मात्र तो प्रश्न पुन्हा ओठांवर आला. मी घोटभर पाणी प्यालो.