चेहऱ्याची अमानत

आठवडाभर फळ्यासमोर उभा राहणारा उर्दू शाळेतील शिक्षक सुटीच्या दिवशी कॅमेऱ्यामागे उभा राहिला, तर त्यात गैर काय? जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. कापड दुकानदाराला नव्या शरारा-घागऱ्यांचे फोटो हवे असतात. अबाया विकणाऱ्याला गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर पाठवायला नमुने हवे असतात. ब्युटी पार्लरवाल्या भाभींना नवरीचा मेकअप दाखवायचा असतो. मुंबई-पुण्याचा फोटोग्राफर त्यांना परवडत नाही. मग ज्याच्या हाती बरा कॅमेरा आहे, अशा आमच्यासारख्या मास्तरांना बोलावणे येते. याला 'फॅशन फोटोग्राफी' म्हणताना आमचे आम्हालाच थोडे हसू येते. पण काम तेच असते. कपडा विकायचा असतो आणि त्यासाठी एका जिवंत माणसाचा चेहरा वापरायचा असतो.

शौक म्हणून धरलेला कॅमेरा पुढे गरज म्हणून हातात राहतो, हेही सांगितले पाहिजे. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये अठरा हजार झाले. त्याआधी दहाएक वर्षे ते आठ हजारांवरच अडले होते. विनाअनुदानित तुकडीवर शिकवणाऱ्याला तर पगाराची तारीखच माहीत नसते. बी.एड. झालेला तरुण संसार कसा चालवतो, हे कोणी विचारत नाही; सुटीच्या दिवशी काय करतो, हे मात्र सगळे विचारतात. सेवाशर्तींनुसार जोडकामाला परवानगी लागते, ती घ्यावीच. पण त्या कागदाने नोकरीचा प्रश्न सुटतो. नीयतीचा सुटत नाही.

नोकरी सांभाळून या कलेकडे वळणे ही काही नवी गोष्ट नाही. गौतम राजाध्यक्ष हे या क्षेत्रातले मराठी माणसाचे सर्वांत मोठे नाव. त्यांनी १९७४ पासून लिंटास या जाहिरात संस्थेत नोकरी केली, १९८० च्या सुमारास फॅशनचे फोटो काढायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. म्हणजे काही वर्षे तेही आमच्यासारखे दोन डगरींवर होते. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या १९९७ च्या पुस्तकाचे नाव 'फेसेस', म्हणजे चेहरे. कपडे नव्हे, दागिने नव्हेत, चेहरे. मात्र त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसणारे बहुतेक नामवंत होते. आपला फोटो कुठे जाणार, त्याचे काय होणार, हे त्यांना ठाऊक होते आणि नको ते नको म्हणण्याची ताकदही त्यांच्याकडे होती. आमच्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलीकडे यातले काय असते?

या कामाबद्दल आम्हाला तीन बाजूंनी तीन प्रश्न विचारले जातात. तिन्ही महत्त्वाचे आहेत, पण तिन्हींतून एक माणूस सुटून जातो.

पहिला प्रश्न मजहबचा. सजीवाची तस्वीर जायज आहे काय? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात असे मांडले की, कॅमेरा नवे काही घडवत नाही. आरशात पडावे तसे प्रतिबिंब तो फक्त धरून ठेवतो. मौलाना आझादांचे 'अल-हिलाल' १९१२ मध्ये कलकत्त्याहून निघाले, ते सचित्र होते. उलट देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी फोटोच्या विरोधात सविस्तर लिहिले. आजही कोणी हे मानतो, कोणी ते. व्यवहाराने मात्र आपला निकाल केव्हाच दिला आहे. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, हजचा अर्ज, काहीही फोटोवाचून होत नाही. आधारचा पहिला क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये दिला गेला तो आमच्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी. तेव्हापासून घराघरातली प्रत्येक बाई एकदा तरी सरकारी कॅमेऱ्यासमोर बसली आहे.

आम्ही फतवा द्यायला बसलेलो नाही. पण मुफ्तीसाहेबांच्या आरशाच्या दाखल्यावर आम्ही बराच विचार केला. फोटो हा आरसाच आहे असे मानले, तर आरशाचा गुणही त्यात असायला हवा. समोरून बाजूला झाले की आरसा विसरतो. त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही. तो तुमचा चेहरा शेजाऱ्याला दाखवत नाही आणि दहा वर्षांनी तुमच्या सासरी पाठवतही नाही. फोटो विसरत नाही. नैतिक प्रश्न सुरू होतो तो इथून.

दुसरा प्रश्न समाजाचा. अंग किती झाकले? याचे सर्वांत गाजलेले उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीसाठी मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांचा फोटो प्रबुद्ध दासगुप्ता यांनी काढला. दोघांच्या अंगावर बूट आणि एक अजगर, एवढेच होते. अश्लीलतेचा खटला झाला आणि तो रेंगाळत २००९ मध्ये निर्दोष सुटकेने संपला. चौदा वर्षे! अजगर वापरला म्हणून वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही प्रकरण झाले. त्या फोटोची बाजू घेण्याचे आम्हाला कारण नाही. तसले काम आमच्या गावी कोणी सांगत नाही आणि सांगितले तरी आम्ही करणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या फोटोतली माणसे सज्ञान होती, आपण काय करत आहोत हे जाणत होती. तरी खटला झाला. आणि पायापासून डोक्यापर्यंत झाकलेल्या, अबाया घातलेल्या एखाद्या मुलीचा फोटो तिला न विचारता चौकातल्या फ्लेक्सवर लागला, तर कोणी ब्र काढत नाही. कारण कपडा पुरेसा आहे! जणू सारी नीती मीटरपट्टीने मोजायची. आमच्या मते न विचारता लावलेला तो झाकलेला फोटो अधिक मोठा गुन्हा आहे.

तिसरा प्रश्न कायद्याचा. फोटो कोणाच्या मालकीचा? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम १७ सांगते की, मोबदला देऊन एखाद्याने फोटो काढवून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक तोच. म्हणजे दुकानदार. हा हक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. त्या मालकीच्या हिशेबात जिचा चेहरा आहे तिला जागा नाही. विशीतली मुलगी ऐंशीची झाली तरी तिचे हसू दुसऱ्याच्याच मालकीचे!

तिघांनी आपापले विचारून झाले. धर्माने चित्राबद्दल विचारले, समाजाने कपड्याबद्दल, कायद्याने पैशाबद्दल. चौथा प्रश्न उरतो आणि तो फोटो काढणाऱ्यानेच स्वतःला विचारायचा असतो. तिला विचारले काय? आणि उद्या तिचे मन बदलले तर तिला 'नको' म्हणता येईल काय?

आम्ही भाषा शिकवणारी माणसे, म्हणून शब्दांकडे लक्ष जाते. मराठीत फोटो 'काढतात' आणि दृष्टही 'काढतात'. उर्दूत तस्वीर 'उतारते हैं' आणि नजरही 'उतारते हैं'. आमच्या आज्या-दाद्या मीठ-मिरच्या ओवाळून मुलाची नजर उतरवीत. मुलाला लागलेले काही वाईट त्याच्यापासून काढून घेण्यासाठी. फोटो काढतानाही समोरच्याचे काहीतरी काढून घेतले जाते. फरक इतकाच की दादी काढून घेई ते मिरच्यांबरोबर चुलीत जळून जाई. आम्ही काढतो ते मेमरी कार्डात उरते. जे दुसऱ्याचे आहे आणि आपल्यापाशी उरले आहे, त्याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे: अमानत. अमानत ठेवणाऱ्याने मागितली की परत करावी लागते, आणि तिचा उपयोग ठरल्यापलीकडे करता येत नाही. फोटोची मालकी कायद्याने दुकानदाराची असेल. चेहरा अमानतच राहतो.

यावर कोणी म्हणेल, तिला विचारले होते, तिने हो म्हटले होते, मग झाले! इथे मास्तर म्हणून आमचा अनुभव वेगळे सांगतो. वर्गात 'समजले का?' असे विचारले की पन्नास पोरे एका सुरात 'हो सर' म्हणतात. चाचणीचा पेपर आला की कळते, किती जणांना समजले होते. 'हो सर' हा होकार नसतो. तो अदब असतो, कधी भीती असते, कधी लवकर सुटण्याची घाई असते. गावातल्या मुलीच्या दृष्टीने कॅमेऱ्यामागचा माणूस आधी सर असतो, मग फोटोग्राफर. तिचा भाऊ, नाहीतर आत्याची मुलगी आमच्या वर्गात बसते. ती आम्हाला नाही कसे म्हणणार? म्हणून शिक्षकाने हे काम करताना इतरांहून दुप्पट सावध राहिले पाहिजे, आणि आपल्या शाळेतील मुलींना तर या कामात आणूच नये. तिथे होकार असा असूच शकत नाही.

दुसरी पळवाट अब्बांच्या परवानगीची. आम्ही वडिलांना विचारतो, भावाला विचारतो, दुकानदाराला विचारतो. जिचा चेहरा आहे तिला गृहीत धरतो. वडिलांचा मान ठेवायला आमची ना नाही. पण चेहरा वडिलांचा नव्हे.

मग काही भले लोक सांगतात, इतकी कटकट असेल तर मुलींचे फोटो काढूच नका. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' ही अॅप उघडकीस आली, तेव्हाही हा सूर ऐकू आला. मुस्लिम पत्रकार, वकील, कार्यकर्त्या स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. लिलाव खोटा होता, अपमान खरा होता. ते फोटो साधे होते, त्या स्त्रियांनी स्वतः जगासमोर ठेवलेले. तरी आमच्यातल्या काहींनी विचारले, 'फोटो ठेवलाच कशाला?' चोरी झालेल्या घराच्या मालकाला 'घर बांधलेच कशाला' असे विचारण्यासारखे हे झाले. त्या प्रकरणातून आम्ही घेतलेला धडा निराळा आहे. आम्ही काढलेला फोटो कोणाच्या हाती जाईल, हे आमच्या ताब्यात नाही. म्हणून जेवढे ताब्यात आहे, तेवढे नीट सांभाळणे आम्हाला सोडता येत नाही. आणि सांभाळणे म्हणजे तिला घरात बसवणे नव्हे. जी मुलगी दोन तास उभी राहून चार पैसे कमावते, आपला चांगला फोटो पाहून खूश होते, तिचा तो आनंद आणि ती कमाई हलालच आहे.

आमच्या गावाहून पहूरमार्गे गेले की अजिंठा दूर नाही. तिथल्या भिंतींवर स्त्रियांची वस्त्रे, पट्ट्यापट्ट्यांचे विणकाम, केशरचना, बांगड्या असे काही रंगवले आहे की आजच्या कपडेवाल्याने शिकावे. त्या कोण होत्या, चितारणाऱ्याने कोणाला डोळ्यांसमोर ठेवले होते, हे कोणी सांगू शकत नाही. आणि त्याने आता कोणाचे काही बिघडत नाही. अजिंठ्याच्या भिंतीवरल्या बाईला उद्या बाजारात जायचे नाही. आमच्या फोटोतल्या मुलीला जायचे आहे. तिला इथेच शिकायचे आहे, इथेच नाहीतर पाचोऱ्याला, भुसावळला नांदायचे आहे.

आणखी एक गोष्ट, वरवर किरकोळ. दुकानदार म्हणतो, 'सर, जरा गोरी करा.' संगणकावर दोन मिनिटांचे काम. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'ने आपल्या नावातून गोरेपणा काढला; गिऱ्हाइकाच्या मनातून तो गेलेला नाही. वहीत आम्ही लाल शाई वापरतो ती चूक दाखवण्यासाठी. खान्देशच्या उन्हात वाढलेल्या मुलीचा रंग आम्ही बदलतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लाल शाई मारतो. ती तो फोटो पाहते आणि मुकाट्याने समजते, माझे उत्तर चुकले. कपड्याचा रंग गिऱ्हाइकाला खरा दिसावा म्हणून आम्ही तासभर दिव्यांशी झगडतो. माणसाच्या रंगाला तेवढीही इमानदारी नको?

तर मग करायचे काय? फार मोठे काही नाही. फोटो कशासाठी, कुठे लागणार, किती दिवस वापरणार, हे तिला वाचता येईल अशा भाषेत, उर्दूत किंवा मराठीत, एका कागदावर लिहावे आणि दुकानदाराचीही त्यावर सही घ्यावी. कायदा 'वेगळा करार नसल्यास' म्हणतो. हा कागद तोच वेगळा करार. तिच्याबरोबर तिच्या पसंतीचे माणूस असावे. काढलेले फोटो आधी तिला दाखवावेत आणि तिने 'हा नको' म्हटलेला तिच्यासमोर पुसावा, तो कितीही उत्तम आला असला तरी. पुढे तिचे लग्न ठरले, मन बदलले, काहीही झाले आणि तिने 'काढून टाका' म्हटले, तर कारण विचारू नये.

याने नुकसान होते, हे लपवण्यात अर्थ नाही. कागदाचे नाव काढले की काही दुकानदार दुसरीकडे जातात. तिथे विचारणारा कोणी नसतो. ते काम जाते आणि त्या महिन्याचा किराणा उधारीवर येतो. 'हे आमचे जोडकाम, आम्ही कशाला एवढे मनावर घ्यायचे?' असे तेव्हा मनात येते. पण आमच्यासाठी ते काम सुटीच्या दिवसापुरते असते; तिच्यासाठी तो चेहरा जन्मभराचा असतो. एखादे गिऱ्हाईक गेले तर दुसरे मिळते. वर्गात अमानतीचा अर्थ शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी तो विसरायचा, हे मात्र आम्हाला जमणारे नाही.